सत्तरीनंतरची गाडी: वाहन परवाना, डॉक्टरची सही आणि फेरतपासणीचा प्रश्न

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला वाहन परवान्याचे नूतनीकरण करायचे असले की एक कागद लागतो. त्याचे नाव 'नमुना १-अ', म्हणजे शासनाने अधिकार दिलेल्या डॉक्टरचे प्रमाणपत्र. कर्वेनगर, कोथरूड, वारजे या पट्ट्यात निवृत्त मंडळी भरपूर, त्यामुळे या कागदाची विचारणा इथल्या दवाखान्यांना नवी नाही. "डॉक्टर, फक्त सही हवी आहे," असे म्हणत लोक येतात. अलीकडे उलट दिशेनेही विचारणा होते. मुलगी किंवा सून फोन करते आणि म्हणते, "बाबांना आता गाडी बंद करायला सांगा ना, तुमचं तरी ऐकतील."

एकाला सही हवी असते आणि दुसऱ्याला मनाई. मूळ प्रश्न मात्र दोघांचा एकच आहे: वय वाढल्यावर वाहनचालकाची पुन्हा तपासणी व्हावी का, आणि व्हावी तर नक्की कशाची? हा नमुना १-अ आजच्या स्वरूपात कसा आला, हे पाहिले की बराच उलगडा होतो. म्हणून आज थोडा इतिहास.

परवाना आधी, परीक्षा नंतर

आज आपल्याला वाटते की परवाना म्हणजे परीक्षा पास झाल्याचा दाखला. सुरुवातीला तसे नव्हते. पॅरिसमध्ये १८९३ साली पोलिसांनी चालकाकडे कौशल्याचा दाखला मागायला सुरुवात केली, पण ब्रिटनने १९०३ च्या कायद्याने जो परवाना आणला त्यात परीक्षा नव्हतीच. पाच शिलिंग भरा आणि परवाना घ्या, एवढेच. हेतू फक्त माणूस ओळखता यावा हा होता. गाडी चालवण्याची सक्तीची परीक्षा तिथे १ जून १९३५ पासून आली, आणि तीही नव्या चालकांना. आधीपासून चालवणाऱ्यांना कोणी काही विचारले नाही.

प्रकृतीचा प्रश्न त्याच्या थोडा आधी, १९३० च्या ब्रिटिश कायद्यात आला. त्यात अर्जदाराने स्वतःच लिहून द्यायचे होते की मला अमुक आजार नाही आणि २५ यार्डांवरून गाडीचा नंबर वाचता येतो. डॉक्टरचा यात संबंध नव्हता. सभ्य गृहस्थ खोटे लिहिणार नाही, हे त्यामागचे गृहीतक.

आपल्याकडे सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पहिला मोटार कायदा १९१४ सालचा. त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने घेतली आणि हा कायदा तब्बल पन्नास वर्षे टिकला. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या बहुतेक पुणेकरांनी पहिला परवाना याच कायद्याखाली काढला आहे. या कायद्यात वाहन चालवायला अपात्र ठरवणाऱ्या आजारांची आणि व्यंगांची यादी होती: फिट येणे, चक्कर किंवा मूर्च्छा आणू शकणारा हृदयविकार, रातांधळेपणा, हॉर्न ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा, लाल-हिरवा रंग ओळखता न येणे, आणि २५ यार्डांवरून नंबरप्लेट वाचता न येणे. यार्डाचे पुढे मीटर झाले. बाकी यादी आजच्या कागदावर जवळपास ओळखू येते.

याच कायद्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पगारी ड्रायव्हरला आणि प्रवासी किंवा मालवाहू गाडी चालवणाऱ्याला डॉक्टरचे प्रमाणपत्र सक्तीचे होते. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याला फक्त स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरत असे. म्हणजे पगारी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर सरकारचा विश्वास नव्हता, मालकाच्या डोळ्यांवर होता. गाडीपुढे आलेल्या माणसाच्या दृष्टीने दोघांत काय फरक पडतो, कोण जाणे! पण हा भेद आजही पूर्ण गेलेला नाही. एसटीचा चालक ठरलेल्या वयाला निवृत्त होतो, रेल्वेचा लोको पायलट वय वाढेल तसा जास्त वेळा वैद्यकीय तपासणीला जातो, आणि त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस स्वतःची मोटार घेऊन सिंहगड रस्त्याने एका सहीवर जाऊ शकतो.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर रंगांबद्दल थोडे सांगतो. 'लाल-हिरवा ओळखता येतो का' हा प्रश्न मोटारीसाठी जन्माला आलेला नाही. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. रेल्वे कर्मचाऱ्याचे रंगांधळेपण हे त्याचे कारण असावे, असे होल्मग्रेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने मांडले आणि रंगीत लोकरीच्या लडी वापरून त्याने तपासणीची सोपी पद्धत काढली. तिथून ती युरोपभर रेल्वेत गेली आणि रेल्वेतून रस्त्यावर आली. रुळावर रात्री अंधारात दिवा दिसतो तो फक्त रंगाने. चौकातल्या सिग्नलला मात्र वरचा लाल आणि खालचा हिरवा हे जागेवरूनही कळते. ही गोष्ट आपल्या नियमात उतरायला २०२० साल उजाडले. त्या वर्षी केंद्र सरकारने सौम्य व मध्यम रंगांधळेपण असलेल्यांना परवाना मिळेल अशी दुरुस्ती केली. एक चुकीचा निकष कागदावर आला की तो काढायला किती काळ लागतो, याचा हा नमुना.

आजचा कायदा काय म्हणतो

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर खाजगी वाहनाच्या परवान्याची मुदत अशी आहे: तिशीच्या आत काढला तर चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासच्या दरम्यान दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढला तर साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर वेळी पाच वर्षे. कमीत कमी वय अठरा. जास्तीत जास्त वय कायद्यात नाही, आणि ते नसावे हेच योग्य.

गंमत पुढे आहे. प्रमाणपत्र लागते चाळिशीनंतर, आणि ते सगळ्यांना सारखे. एकेचाळीस वर्षांच्या संगणक अभियंत्याला जो कागद, तोच चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजोबांना. दोघांना पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट दिसली, हॉर्न ऐकू आला, हातपाय शाबूत असले, की सही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी सही झाली की परवाना एकोणनव्वदपर्यंत चालतो. पंच्याऐंशीव्या वर्षी पक्षाघाताचा छोटा झटका येऊन गेला तर त्या कागदाला त्याचा पत्ताही नसतो.

कायद्याच्या कलम १६ मध्ये एक तरतूद आहे. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे कोणी वाहन चालवायला असमर्थ आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी कधीही नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. पण अधिकाऱ्याला ते कळणार कसे? ब्रिटनमध्ये ठराविक आजार झाल्यावर परवाना खात्याला कळवणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. आपल्याकडे व्यवहारात हे कलम बरेचसे झोपलेलेच आहे.

आणि गाडी चालवण्याची परीक्षा? ती आयुष्यात एकदाच. १९७५ साली पंचविशीत ज्यांनी ती दिली, त्यांनी त्या वेळच्या पुण्यात दिली. सायकलींचे शहर, कर्वे रस्त्यावर तुरळक मोटारी, स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची. कर्वेनगर तेव्हा बरेचसे हिंगणेच होते. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आश्रम इथल्या माळावरच्या झोपडीत हलवला, आणि फर्ग्युसनमध्ये शिकवण्यासाठी ते पुणे-हिंगणे पायी करत. पुढे १०४ वर्षे जगले. (चालण्याचे फायदे रुग्णांना सांगताना मला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.) आज त्याच वाटेवर उड्डाणपूल, मेट्रोचे खांब, उलट दिशेने येणारे डिलिव्हरीवाले आणि बसमागे बस. परवाना पन्नास वर्षांपूर्वीच्या रस्त्याचा आहे, हे नूतनीकरणाच्या वेळी कोणीच पाहत नाही.

वय नव्हे, तर नेमके काय बदलते

डोळ्यांपासून सुरुवात करू. पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट ही मधल्या, सरळ समोरच्या नजरेची परीक्षा आहे, तीही दिवसाउजेडी. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडते. म्हणून संध्याकाळी सातला डीपी रस्त्यावर समोरून प्रखर दिवे आले की काही क्षण काहीच दिसत नाही. काचबिंदूत तर मधली नजर शेवटपर्यंत उत्तम राहू शकते आणि कडेची नजर हळूहळू जाते. अशा रुग्णाला नंबरप्लेट झकास वाचता येते. गल्लीतून येणारी सायकल दिसत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे मेंदू एका नजरेत किती टिपतो हे. अमेरिकेत कार्लीन बॉल आणि सिंथिया ओस्ली यांनी १९९० च्या दशकात 'उपयुक्त दृष्टिक्षेत्र' ही कल्पना तपासली: समोर लक्ष ठेवून त्याच वेळी बाजूला काय चालले आहे हे किती पटकन कळते. हे क्षेत्र आक्रसलेल्या ज्येष्ठांचे अपघात जास्त होतात, असे त्यांना दिसले. चष्म्याच्या नंबरात याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच वयस्कर चालकांचे अपघात वेगापेक्षा चौकात जास्त होतात. आपल्याकडे धोक्याची जागा म्हणजे उजवे वळण: समोरच्या गाडीचा वेग आणि अंतर एकदम जोखायचे, शिवाय पायी चालणाऱ्यांकडेही बघायचे.

मग औषधे. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या ज्या गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने साखर अचानक उतरते त्या. मानेचा स्पाँडिलोसिस असला की मागे वळून पाहता येत नाही. मधुमेहात तळपायाची संवेदना गेली की ब्रेक किती दाबला हे पायाला कळत नाही.

परदेशी संशोधन बहुतेक मोटारींवरचे आहे. आपल्याकडचा ज्येष्ठ चालक मात्र पुष्कळदा दुचाकीवर असतो. जी पिढी चेतकवर शिकली, ती आज बिनगिअरच्या स्कूटरवर आहे. चेतकचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी होता, आता दोन्ही ब्रेक हातात. संधिवाताने बोटे आखडली असतील तर तो पुरेसा दाबला जात नाही. दचकल्यावर उजवी मूठ आवळली गेली तर गाडी थांबण्याऐवजी पुढे झेपावते. सिग्नलला पाय टेकवायला गुडघा आणि कमरेचा तोल लागतो. यातले काहीही नमुना १-अ मध्ये मोजले जात नाही. आणि हेल्मेटचा विषय काढला की पुण्यात जे होते ते सर्वांना ठाऊक आहे. सत्तरीतली कवटी आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या वादात कोणाची बाजू घेत नाहीत, एवढेच म्हणतो.

या सगळ्याला दुसरी बाजूही आहे. ज्येष्ठ चालक दारू पिऊन, रात्री दोनला, शर्यत लावत फारसे जात नाहीत. त्यांचे मृत्यूचे आकडे मोठे दिसतात, पण त्याचा बराच भाग असा की त्याच धडकेत तरुण वाचतो आणि ज्येष्ठाच्या बरगड्या फुफ्फुसात घुसतात. म्हणजे ते धोकादायक असतात त्याहून नाजूक जास्त असतात. शिवाय बरेच दोष दुरुस्त होण्यासारखे असतात. ओस्ली यांच्याच २००२ च्या अभ्यासात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ज्येष्ठांच्या अपघातांचे प्रमाण, न करणाऱ्यांच्या जवळपास निम्मे निघाले.

सक्ती करून पाहिलेले देश

फेरतपासणी सरसकट सक्तीची करावी, हे ऐकायला सरळ वाटते. जपानने ती वाट धरली. तिथे १९९७ साली पंचाहत्तरीपुढच्या चालकांच्या गाडीवर पानगळीच्या पानाचे चिन्ह आले. ज्येष्ठांना ते 'गळून पडलेले पान' वाटले, नाराजी झाली आणि २०११ मध्ये चिन्ह बदलावे लागले. १९९८ पासून ज्येष्ठांसाठी खास वर्ग आणि परवाना स्वतःहून परत करण्याची सोय सुरू झाली. २००९ पासून पंचाहत्तरीनंतर स्मृती-आकलनाची चाचणी आली: आजची तारीख सांगा, चित्रे लक्षात ठेवा, घड्याळ काढा. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, असे न्यायालयाने मानले. त्या वर्षी सहा लाखांहून जास्त जपानी लोकांनी आपणहून परवाने परत केले. २०२२ पासून, पंचाहत्तरीनंतर काही ठराविक नियमभंग झालेल्यांना प्रत्यक्ष गाडी चालवूनही दाखवावी लागते.

डेन्मार्कनेही २००६ मध्ये सत्तरीनंतर अशी आकलन-चाचणी सक्तीची केली. पुढे २०१२ च्या अभ्यासात दिसले ते विचार करायला लावणारे आहे. ज्येष्ठ चालकांचे अपघाती मृत्यू कमी झाले नाहीत. पायी आणि सायकलवर मरणारे ज्येष्ठ मात्र वाढले. गाडी सुटली म्हणून माणूस घरी बसत नाही, रस्त्यावर उघडा पडतो. डेन्मार्कने २०१७ मध्ये वयावर आधारित सक्ती काढून टाकली. फिनलंडमध्ये वयानुसार वैद्यकीय तपासणी होती आणि शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. तिथल्या तुलनेतही फिनलंडचा फायदा दिसला नव्हता.

डेन्मार्कचा हा धडा कर्वेनगरला जास्तच लागू आहे. इथल्या फुटपाथवर पार्क केलेल्या दुचाक्या, उखडलेल्या फरश्या आणि दुकानांच्या पायऱ्या यांतून वाट काढणे पंचाहत्तरीच्या माणसाला स्कूटर चालवण्याहून सोपे नाही. गाडी सोडल्याने नैराश्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे अभ्यास सांगतात. आजोबांची गाडी बंद करा म्हणणाऱ्या घराने आजोबा बँकेत, भजनी मंडळात, मित्राकडे कसे जाणार, याचे उत्तर आधी शोधावे. मार्च २०२२ पासून वनाजहून मेट्रो आहे. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. पण घरापासून वनाज स्थानकापर्यंतचा रिक्षावाला हा खरा दुवा असतो.

मधला रस्ता: आपणहून तपासणी

ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवाना नवा करावा लागतो, तोही स्वतःच्या निवेदनावर. जोडीला तिथे स्वेच्छेने तपासून घेण्याची पद्धत रुजली आहे. एक अनुभवी परीक्षक तुमच्याच गाडीत, तुमच्याच नेहमीच्या रस्त्यांवर, तासभर शेजारी बसतो आणि शेवटी काय सुधारता येईल ते सांगतो. ही पास-नापासाची परीक्षा नसते. राणी एलिझाबेथचे पती फिलिप यांचा जानेवारी २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी, सँड्रिंगहॅमजवळ अपघात झाला आणि फेब्रुवारीत त्यांनी परवाना आपणहून परत केला. त्या महिन्यांत तिथे या विषयावर घरोघरी बोलणे झाले. या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. आपणहून येतात ते मुळात सावध असलेले लोक. ज्यांनी यायला हवे ते येत नाहीत.

तरीही मला हा मार्ग पटतो. सरसकट वयाची परीक्षा नको. पंचाहत्तरीनंतर मुदत पाचऐवजी दोन किंवा तीन वर्षांची करावी, पक्षाघात, फिट, स्मृतिभ्रंश, साखर वारंवार उतरणे अशा घटनांनंतर तपासणी व्हावी, आणि ज्याला स्वतःला पारखून घ्यायचे आहे त्याला जागा असावी. पुण्यात भोसरीला केंद्रीय सडक परिवहन संस्था आहे, चाचणीचा ट्रॅक आहे. ज्येष्ठांसाठी आठवड्यातली एक सकाळ राखून ठेवणे तिथे अशक्य नसावे.

तोपर्यंत घरच्या घरी बरेच करता येते. एखाद्या चांगल्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या शिक्षकाला तासाभराचे पैसे द्या आणि शेजारी बसवा. मुलाला बसवू नका, त्यातून फक्त भांडण होते. त्याला उजवी वळणे, गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणे आणि मागे घेणे पाहायला सांगा. घरच्यांनी लक्ष ठेवायच्या खुणा वेगळ्या आहेत: गाडीवर नवे ओरखडे, ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकणे, मागच्यांचे हॉर्न वाढणे, शेजारी बसलेल्याचा पाय आपोआप ब्रेक दाबू लागणे. ओळखीच्या रस्त्यावर हरवणे एकदा झाले तरी डॉक्टरकडे या. तो प्रश्न गाडीपुरता नसतो. सोडायचेच झाले तर एकदम सोडू नका. आधी रात्र सोडा, मग पाऊस, मग हायवे.

नमुना १-अ साठी येणार असाल तर लांबचा चष्मा, चालू गोळ्यांची यादी आणि असल्यास साखरेची नोंदवही घेऊन या. वर्षभरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला नसाल तर आधी तिथे जा, आणि नुसता नंबर न काढता डोळ्यांचा दाब व कडेची नजर तपासून द्या असे सांगा. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. मुदत संपून एक वर्षाहून जास्त झाले तर पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. आणि संपलेल्या परवान्यावर अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो, म्हणून ती तारीख आजच कार्डावर पाहून ठेवा.